शिक्षण परिषदेत शिक्षकांना इंटरनेट शिकवायचंय: सुरुवात कुठून करावी?

डोंगरवाट

नमस्कार मंडळी. मी पाटण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवते. पुढच्या महिन्यात आमच्या केंद्राची शिक्षण परिषद आहे आणि केंद्रप्रमुख साहेबांनी त्यातला एक तास माझ्याकडे सोपवलाय. विषय आहे इंटरनेटची मूलभूत ओळख आणि ऑनलाइन संपर्काची साधनं. समोर केंद्रातल्या सगळ्या शाळांचे शिक्षक असतील. नुकतेच रुजू झालेले आहेत, तसे निवृत्तीला दोन-तीन वर्षं उरलेलेही आहेत.

अशा प्रशिक्षणांत काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. प्रोजेक्टर लागतो, ॲपची नावं एकामागून एक येतात, सगळे ती वहीत उतरवून घेतात आणि सोमवारी शाळेत गेल्यावर त्यातलं काही उघडत नाही. गाडी अडते ती ॲपच्या आधीच्या पायरीवर. डाउनलोड केलेली फाइल गेली कुठे? पासवर्ड कोणाला ठाऊक आहे? ही लिंक दाबू का नको? माझ्या ओळखीतले कितीतरी चांगले शिक्षक एवढ्यासाठी कोणा तरुण सहकाऱ्याची वाट बघत बसतात, आणि मग त्यांना वाटायला लागतं की हे आपलं कामच नव्हे. हे मला मनापासून खटकतं. ज्यांनी शेकडो मुलांना वाचायला शिकवलं त्यांना तीन गोष्टी नीट सांगितल्या तर त्या येणार नाहीत असं होऊच शकत नाही.

म्हणून माझ्या डोक्यात असं आहे की तासाचा पहिला निम्मा भाग फक्त तीन गोष्टींना द्यायचा: खातं, फाइल आणि लिंक. साधनं नंतर. आणि साधनं निवडताना एकच कसोटी लावायची. वर्गातल्या ज्या पालकाचा फोन सगळ्यात साधा आहे, त्याच्यापर्यंत निरोप पोचतो का?

खात्याबद्दल आधी लिहिते, कारण सगळ्यात जास्त खोळंबा तिथेच होतो. शाळेचा जीमेल कधीकाळी कोणीतरी काढलेला असतो. त्याला जोडलेला मोबाइल नंबर त्या वेळच्या मुख्याध्यापकांचा किंवा एखाद्या तंत्रस्नेही सरांचा. मग बदल्या होतात. नवीन फोनवर किंवा नवीन संगणकावर लॉगइन करायला जावं तर ओटीपी जातो दुसऱ्या तालुक्यात, आणि ते सर त्या वेळी वर्गावर असतात. फोन उचलेपर्यंत ओटीपीची मुदत संपते. काही ठिकाणी तर खातं नेट कॅफेवाल्यानं काढून दिलेलं असतं आणि पासवर्ड शाळेचं नाव आणि एकदोनतीन. त्या एका खात्यावर विद्यार्थ्यांची माहिती, शिष्यवृत्तीचे अर्ज, पोषण आहाराची पत्रं असं सगळं असतं.

यावर मी सुचवणार आहे की पदभार देता-घेताना आपण जी यादी करतो, दप्तर, टेबलं, कपाटाच्या किल्ल्या, त्या यादीत शाळेचं ईमेल खातं एक ओळ म्हणून यावं. जोडलेला मोबाइल त्याच दिवशी बदलायचा, पर्यायी ईमेलही बदलायचा. गूगलच्या खात्यात दोन टप्प्यांची पडताळणी चालू केली की आठ अंकी दहा राखीव कोड मिळतात. प्रत्येक कोड एकदाच चालतो. ओटीपी येणारा फोन हाताशी नसला तर त्यातला एक वापरता येतो. ते छापून बंद पाकिटात मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवायचे.

हा माझा आराखडा. तुमच्या केंद्रांत, शाळांत काय अडतं ते सांगा. माझ्याकडे फक्त एक तास आहे.

निवृत्त_गुरुजी

मॅडम, विषय मनापासून आवडला. माझी नोकरीची शेवटची वर्षं याच धडपडीत गेली. एक विनंती आहे. खातं, फाइल, लिंक यांच्याही आधी पाच मिनिटं काढून इंटरनेट म्हणजे नक्की काय ते सांगाल का? आम्हाला कोणी ते कधी सांगितलंच नाही. "नेट गेलं", "सर्व्हर डाउन आहे", "साइट बंद आहे" हे शब्द आम्ही वापरायचो, पण कुठला दोष कुठे आहे ते कळत नव्हतं. त्यामुळे दोष आपलाच आहे असं समजून गप्प बसायचो.

तारायंत्र

गुरुजींचा मुद्दा अगदी बरोबर आहे. मी शिक्षक नाही, नेटवर्कच्या कामात आहे. पण माझी आई शिक्षिका होती, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

जगभरातले संगणक एकमेकांना जोडलेलं जाळं म्हणजे इंटरनेट. भारतात ते सर्वसामान्यांसाठी १५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमने सुरू केलं. वेब म्हणजे त्या जाळ्यावर चालणारी एक सेवा. पानं आणि त्यांना जोडणाऱ्या लिंका. ती कल्पना टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली सर्न या संस्थेत मांडली. ईमेल त्याहून जुनी, १९७१ची. व्हॉट्सॲपसुद्धा त्याच जाळ्यावरची आणखी एक सेवा. तारखा परिषदेत सांगितल्या नाहीत तरी चालेल, पण जाळं एक आणि त्यावरच्या सेवा अनेक एवढं मनात बसलं की दोष शोधता येतो.

तुम्ही एखाद्या पोर्टलचा पत्ता टाकता तेव्हा तीन टप्पे होतात. तुमचा फोन टॉवरमार्गे जाळ्याशी जोडलेला असावा लागतो. मग त्या नावाचा संगणक कुठे आहे हे शोधलं जातं, कारण यंत्रांना नावं कळत नाहीत, आकडे कळतात. आणि शेवटी तो दूरचा संगणक, म्हणजे सर्व्हर, तुम्हाला पान पाठवतो. आता अडलं तर असं बघा: व्हॉट्सॲपवर निरोप जातोय का? दुसरी एखादी साइट उघडतेय का? दोन्ही चालत असेल आणि माहिती भरायचं पोर्टलच तेवढं गोल गोल फिरत असेल, तर तुमच्या फोनमध्ये काही बिघाड नाही. शेवटच्या तारखेला राज्यभरातल्या शाळा एकाच सर्व्हरवर येतात, तो दमतो. पहाटे किंवा रात्री उशिरा तेच काम सहज होतं. आणि काहीच चालत नसेल तर आधी विमान मोड चालू करून बंद करा. फोन पुन्हा टॉवरशी जोडला जातो आणि बरेचदा तेवढ्यानं भागतं.

निवृत्त_गुरुजी

धन्यवाद. हे इतकं सोपं करून आधी कोणी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं.

केंद्रावरून

मी गटसाधन केंद्रात साधनव्यक्ती आहे. डोंगरवाट मॅडम, लिंकच्या भागात जीआरची पडताळणी जरूर घ्या. सुट्ट्या, वेतन, बदल्या यांच्या नावानं दर थोड्या दिवसांनी एखादी पीडीएफ फिरते आणि आपल्याच शिक्षकांच्या गटांतून वाऱ्यासारखी पसरते. खरं-खोटं करायला दोन मिनिटं लागतात.

शासन निर्णयाच्या शेवटी एक परिच्छेद असतो: हा शासन निर्णय महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध असून त्याचा संकेतांक अमुक आहे. तो संकेतांक अठरा अंकी असतो आणि सुरुवातीच्या आकड्यांतच वर्ष, महिना, तारीख दडलेली असते. म्हणजे २०२४च्या जून महिन्यातल्या निर्णयाचा संकेतांक २०२४०६नं सुरू होईल. वर छापलेली तारीख आणि संकेतांकातली तारीख फार वेगळी असेल तर सावध व्हा. जुळली तरी शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर जाऊन तो संकेतांक टाकून शोधा. खरा असेल तर तिथून मूळ प्रत उतरवता येते, आणि पुढे पाठवायची असेल तर तीच पाठवावी. मात्र जिल्हा परिषदेची किंवा संचालनालयाची परिपत्रकं या संकेतस्थळावर नसतात. ती सापडली नाहीत म्हणून खोटी समजू नका, कार्यालयात फोन करून विचारा.

मी हे एका परिषदेत प्रत्यक्ष करून घेतलं. प्रत्येकानं स्वतःच्या फोनमधला एक जीआर काढला आणि तपासला. कोणी पेंगलं नाही.

डोंगरवाट

केंद्रावरून सर, हे तर प्रात्यक्षिकच झालं! नक्की घेते. लिंक वाचायची कशी हे मी असं सांगायचं ठरवलंय: आपण पत्रावरचा पत्ता खालून वाचतो, आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव. लिंकसुद्धा तशीच. दोन तिरक्या रेघांनंतर जी पहिली एकटी तिरकी रेघ येते तिच्या डावीकडचे शेवटचे शब्द आधी वाचायचे. तिथे "डॉट जीओव्ही डॉट इन" असेल तर ती सरकारी. "महाराष्ट्र" किंवा "जीओव्ही" हे शब्द सुरुवातीला असून शेवट भलताच असेल तर उघडायची नाही.

तारायंत्र

बरोबर. त्याला एक जोड द्या. पत्त्याशेजारी दिसणाऱ्या कुलपावर लोक फार विसंबतात. कुलूप म्हणजे तुमच्या फोनपासून त्या साइटपर्यंतचा प्रवास कोणी मध्येच वाचू शकत नाही, एवढंच. साइट कोणाची आहे याची खात्री त्यातून मिळत नाही, फसवणाऱ्यांच्या साइटवरही कुलूप असतं. आणि लग्नपत्रिका, गाडीचं चलान अशा नावानं येणारी "एपीके" फाइल कधीही उघडू नये. ती पत्रिका नसते, ते ॲप असतं आणि ते तुमचे एसएमएस, म्हणजे ओटीपीच, वाचू शकतं. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करायचा. जितका उशीर तितके ते पैसे पुढच्या खात्यांत पांगतात.

अक्षरजुळणी

फाइलच्या भागात फॉन्टचा विषय घ्याच घ्या. माझा डीटीपीचा व्यवसाय आहे आणि शाळांच्या प्रश्नपत्रिका दरवर्षी माझ्याकडे येतात. अजूनही जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फाइली येतात. ज्या संगणकावर टाइप केली तिथे ती मराठी दिसते, दुसरीकडे उघडली की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा खच. कारण त्या फॉन्टमध्ये अक्षर साठवलेलं असतं इंग्रजीच, वरून फक्त मराठीचा आकार दिलेला असतो. फॉन्ट नाही तर मराठीही नाही. ती फाइल ईमेलमध्ये शोधता येत नाही, फोनवर वाचता येत नाही, गूगल फॉर्ममध्ये चिकटवता येत नाही.

युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, म्हणून ते कुठल्याही फोनवर मराठीच दिसतं. विंडोजमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलक आधीपासून असतो, सेटिंगमध्ये जाऊन चालू करायचा एवढंच. स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला, थोड्या सरावानं हात बसतो. फोनवर जीबोर्ड या गूगलच्या कळफलकात मराठी जोडली की बोलूनही टाइप करता येतं. ज्यांना टायपिंगचा कंटाळा आहे त्या शिक्षकांना हे आधी दाखवा. शिक्षकांचे उच्चार स्पष्ट असतात, त्यामुळे चुका कमी होतात.

आणि दुसऱ्याला पाठवायची असेल तेव्हा पीडीएफ करून पाठवा. समोरच्याकडे कुठलाही फोन असो, तुम्ही मांडलंय तसंच दिसेल.

खाडीकाठ

मी मुंबईत अनुदानित माध्यमिक शाळेत आहे. फाइलबद्दल माझी भर: शाळेचा दाखला, गुणपत्रक असं काही व्हॉट्सॲपवर पाठवताना गॅलरीतून फोटो म्हणून पाठवू नका, "डॉक्युमेंट" निवडून पाठवा. फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सॲप तो दाबून लहान करतं आणि छापल्यावर शिक्का वाचता येत नाही. आणि फाइलला नाव द्या. शाळा, इयत्ता, विषय, महिना. आकड्यांच्या लांबलचक नावाची फाइल महिन्याभरानं कोणालाच सापडत नाही.

पण मला खरं तर "साधा फोन" या कसोटीवर बोलायचंय. आमच्याकडे नववी-दहावीला आम्ही गूगल क्लासरूम वापरतो. गृहपाठ एका जागी राहतो, कोणी दिला, कोणी नाही, ते दिसतं, शिक्षकाचा अभिप्राय त्या मुलापुरता राहतो. व्हॉट्सॲप गटात हे होत नाही, चाळीस वह्यांचे फोटो एकावर एक पडतात. सगळ्यात साध्या फोनवरच थांबलो तर मुलांना पुढचं कधी शिकवणार?

डोंगरवाट

खाडीकाठ मॅडम, तुमच्या शाळेत ते चालतं कारण मुलांच्या हातात फोन बऱ्यापैकी वेळ असतो. माझ्या वर्गात घरटी एक फोन, तो वडिलांसोबत सकाळी कामावर जातो आणि रात्री परत येतो. काही आयांकडे बटणांचा फोन आहे. २०२०मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा आपल्या राज्यात "शाळा बंद, पण शिक्षण आहे" या उपक्रमात रोजचा अभ्यास व्हॉट्सॲपवरून येत होता. तो अभ्यास चांगला होता, दीक्षा या सरकारी ॲपवरचे व्हिडिओही चांगले होते. पण आमच्या वाड्यावस्त्यांवर तो ज्यांच्यापर्यंत पोचला नाही ती मुलं कोण होती ते मी बघितलंय. ज्यांना शाळेची सगळ्यात जास्त गरज होती तीच. आमच्याकडच्या काही शिक्षकांनी तेव्हा साध्या कॉन्फरन्स कॉलवर चार-पाच मुलांना एकत्र घेऊन पाढे, वाचन, गोष्टी सुरू ठेवल्या. त्याला ना ॲप लागलं ना डेटा.

क्लासरूमला माझा विरोध नाही. मोठ्या मुलांना ते शिकवावंच. पण जो निरोप प्रत्येक घरी पोचायलाच हवा, उद्या शाळा आहे की नाही, लसीकरण कधी, आधार अद्ययावत करायचं शिबिर कुठे, तो क्लासरूमवर टाकून माझी जबाबदारी संपत नाही.

खाडीकाठ

हे पटलं. निरोपाचा मार्ग वेगळा आणि अभ्यासाचा मार्ग वेगळा, असं मांडलंत तर आपल्यात मतभेद उरत नाही.

माहेरवाशीण

मी शिक्षक नाही, पालक आहे. लिहू का? तुम्ही सगळे साधनांबद्दल बोलताय, मला गटाबद्दल सांगायचंय. मुलीच्या वर्गाचा व्हॉट्सॲप गट आहे. त्यात माझा नंबर शंभरएक लोकांना दिसतो, त्यातल्या निम्म्यांना मी ओळखतही नाही. त्या गटातून नंबर घेऊन मला एका माणसाचे रात्री निरोप येऊ लागले. मी गटातून बाहेर पडले. मग शाळेचे निरोप मिळेनासे झाले आणि सहलीचे पैसे भरायची तारीख हुकली. मुलगी रडली. शाळेनं हा विचार करायला हवा असं मला वाटतं. बायकांना गटात घेताना कोणी विचारत नाही.

केंद्रावरून

ताई, तुम्ही लिहिलंत हे फार चांगलं केलंत. हा मुद्दा कुठल्याच प्रशिक्षणात येत नाही.

यावर उपाय आहेत. पहिला, ब्रॉडकास्ट यादी. शिक्षक एकच निरोप पाठवतो, तो प्रत्येकाला स्वतंत्र येतो, कोणाचा नंबर कोणाला दिसत नाही. एका यादीत २५६ जण बसतात. अट अशी की पालकानं शिक्षकाचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये जतन केलेला हवा, नाहीतर निरोप पोचतच नाही. म्हणून प्रवेशाच्या दिवशीच पालकाच्या हातात फोन असताना समोर बसवून नंबर जतन करून घ्यायचा. दुसरा, व्हॉट्सॲपची कम्युनिटी. तिच्या घोषणांच्या गटात फक्त ॲडमिन लिहू शकतात आणि सभासदांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत.

साधा गटच ठेवायचा असेल तर निदान "फक्त ॲडमिन निरोप पाठवू शकतील" हे चालू करा, आणि गटात घेण्याआधी आईला विचारा की नंबर कोणाचा टाकू.

डोंगरवाट

माहेरवाशीण ताई, तुमचा प्रतिसाद मी परिषदेत वाचून दाखवला तर चालेल का? नाव-गाव काहीच येणार नाही.

माहेरवाशीण

अवश्य वाचा. म्हणूनच लिहिलं.

रविवारची_शाळा

मी अमेरिकेत राहते, आमच्याकडे महाराष्ट्र मंडळाची मराठी शाळा रविवारी भरते. आम्ही सगळेच हौशी शिक्षक. आमच्याकडे पालकांशी संपर्क मुख्यतः ईमेलवर चालतो, आणि ताईंनी सांगितलेला प्रश्न ईमेलमध्येही आहे. सगळ्या पालकांचे पत्ते "टू"मध्ये टाकले की सगळ्यांना सगळ्यांचे पत्ते दिसतात, आणि एकानं "सर्वांना उत्तर" दाबलं की प्रत्येकाच्या पेटीत त्याचं "ठीक आहे" जाऊन पडतं. "बीसीसी"मध्ये पत्ते टाकले की दोन्ही त्रास टळतात.

ईमेलचा विषय नीट लिहा, एवढी आणखी एक विनंती. "महत्त्वाचे" असा विषय असलेली दहा पत्रं पेटीत असतात. "इयत्ता तिसरी: शनिवारची शाळा दुपारी भरेल" असं लिहिलं तर न उघडताही काम होतं. जीमेलमधून २५ एमबीपर्यंतच फाइल जोडता येते, त्याहून मोठी असेल तर ती ड्राइव्हवर चढवून लिंक द्यावी लागते. ती लिंक देताना परवानगी तपासा. नाहीतर पालक ती उघडतात, समोर "प्रवेशाची विनंती करा" येतं आणि ते बंद करून टाकतात.

खाडीकाठ

परवानगीवरून आठवलं, "पाहू शकतात" आणि "बदल करू शकतात" यातला फरक परिषदेत करूनच दाखवा. तालुक्याची एक सामायिक गूगल शीट, सगळ्या शाळा तीत एकाच दिवशी माहिती भरतायत, आणि कोणीतरी आपली शाळा शोधायला एकच रकाना सॉर्ट करून, म्हणजे वर-खाली लावून टाकतं. शाळांची नावं एकीकडे, पटसंख्या दुसरीकडे. मग दुपारभर फोनाफोनी. अशा वेळी घाबरून पुन्हा भरत बसू नका. संगणकावर त्या शीटच्या "फाइल" यादीत आवृत्तीचा इतिहास असतो. कोणी, किती वाजता, काय बदललं ते दिसतं आणि सकाळची शीट जशीच्या तशी परत आणता येते. आपली शाळा शोधायला कंट्रोल आणि एफ या कळा एकत्र दाबणं पुरतं, शीटला हात लावायचं कारणच नाही.

निवृत्त_गुरुजी

हे आमच्या काळात माहीत असतं तर कितीजणांच्या सुट्ट्या वाचल्या असत्या.

तारायंत्र

गूगल फॉर्मबद्दल दोन गोष्टी, कारण शिक्षक तो पालकांना भरायला देतात. फॉर्ममध्ये "फाइल चढवा" असा प्रश्न ठेवला की भरणाऱ्याला आधी गूगल खात्यात लॉगइन करावंच लागतं. ज्या पालकाला खात्याचा पासवर्ड ठाऊक नाही तो तिथेच थांबतो. "एकदाच उत्तर" ही मर्यादा लावली तरी लॉगइन लागतं, शिवाय एका घरातली दोन भावंडं एकाच फोनवरून फॉर्म भरू शकत नाहीत. पहिल्याचा जातो, दुसऱ्याला "तुम्ही आधीच उत्तर दिलं आहे" दिसतं. खेड्यातल्या शाळेत या दोन्ही सोयी बंद ठेवा. फॉर्म पाच प्रश्नांचा असू द्या आणि पाठवण्याआधी स्वतःच्या नाही, दुसऱ्याच्या फोनवर एकदा भरून बघा.

अक्षरजुळणी

आणि फॉर्ममध्ये आधार क्रमांक मागू नका हो. माझ्याकडे दुकानात मुलांच्या आधारच्या प्रती व्हॉट्सॲप गटातून उतरवून छापायला येतात. गटातून! म्हणजे ती प्रत गटातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये आहे.

केंद्रावरून

याला दुजोरा. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक धरलंय आणि त्याच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळता येईल अशा संमतीची अट घातली आहे. कायद्याचं राहू द्या, मूल आपल्या विश्वासावर शाळेत येतं, ते पुरेसं आहे. आधारची प्रत लागलीच तर शिक्षकाच्या वैयक्तिक क्रमांकावर घ्यायची, काम झालं की पुसायची. जिथे चालत असेल तिथे शेवटचे चारच अंक दिसणारं आधार घ्यावं, ते आधारच्या अधिकृत संकेतस्थळावरून उतरवता येतं. मुलांचे गुण गटात टाकू नयेत. कमी गुण मिळालेल्या मुलाच्या आईनं ते सगळ्यांसमोर का वाचावेत?

फोटोंचंही तसंच. स्पर्धेत बक्षीस मिळालं तर कौतुक व्हावं, पण फोटो, पूर्ण नाव, इयत्ता आणि गाव हे सगळं एकत्र सार्वजनिक पानावर टाकायची गरज नसते.

डोंगरवाट

मंडळी, अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त मिळालं. एका तासात सगळं बसणार नाही, म्हणून निवड करते.

सुरुवातीला गुरुजींनी मागितलेली पाच मिनिटं: जाळं, सेवा आणि दोष शोधायची रीत. मग खातं. प्रत्येक शाळेनं तिथेच बसून शाळेच्या खात्याला कोणाचा नंबर जोडलाय ते बघायचं आणि चुकीचा असेल तर कोणाला फोन करायचा ते लिहून घ्यायचं. मग जीआरची पडताळणी प्रत्येकाच्या फोनवर. युनिकोडसाठी फक्त बोलून टाइप करणं दाखवते, कळफलक पुढच्या वेळी. त्यानंतर ताईंचा प्रतिसाद वाचून ब्रॉडकास्ट यादी करून घेते. मीट आणि झूम ही व्हिडिओ बैठकीची साधनं सोडून देते. झूमच्या मोफत बैठकीला ४० मिनिटांची मर्यादा आहे आणि मीटच्या गटबैठकीला ६०, एवढं तोंडी सांगितलं की भागेल. आमच्या शाळांना ते क्वचित लागतं.

परिषदेच्या खोलीत रेंज येते-जाते, म्हणून पडद्यावर दाखवायचं सगळं मी फोनवर आधीच रेकॉर्ड करून नेणार आहे.

शेवटी सगळ्यांनी मिळून पालकांना पाठवायचा पहिला निरोप तयार करायचा असं ठरवलंय. माझा मसुदा असा:

"नमस्कार. मी इयत्ता तिसरीची वर्गशिक्षिका. हा माझा शाळेच्या कामाचा नंबर आहे, कृपया 'शाळा' या नावाने जतन करा, म्हणजे शाळेचे निरोप तुम्हाला मिळतील. तुमचा नंबर इतर पालकांना दिसणार नाही. शाळा तुमच्याकडे ओटीपी, बँकेची माहिती किंवा पैसे कधीही फोनवर मागणार नाही. काही विचारायचे असेल तर संध्याकाळी ५ ते ७ फोन करा."

काही बदल सुचवाल का?

माहेरवाशीण

मसुदा छान आहे. पण तुम्हीच म्हणालात की वडील फोन घेऊन रात्री परततात. मग ५ ते ७ मध्ये त्यांना फोन कसा जमणार? आणि "मिस्ड कॉल दिला तरी चालेल, मी फोन करेन" एवढं घातलंत तर ज्यांच्याकडे बॅलन्स नसतो त्या आयाही फोन करतील.

निवृत्त_गुरुजी

आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी हाच निरोप मॅडमनी स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून पाठवावा. बटणांच्या फोनवाल्यांना एकदा फोन करून सांगावा. आजीनं ऐकला तरी घरात पोचतो.

डोंगरवाट

दोन्ही घेते. वेळ रात्री ७ ते ८:३० करते, तेव्हा मीही घरी मोकळी असते. मिस्ड कॉलची ओळ घातली. आवाजातला निरोप मिनिटाच्या आत बसवते, म्हणजे दोन काड्यांच्या रेंजवरही उतरेल. परिषद झाली की कोणत्या शाळेच्या खात्याला कोणाचा नंबर निघाला आणि कुठे अडलं ते शाळांची नावं न घेता याच धाग्यावर लिहीन.